चुलीवरची डहाळी

माझ्या एकुलत्या लेकीचं, गोदाचं लग्न वैशाखात झालं. त्याच्या आधीच्या पौषातली ही गोष्ट.

शुक्रवारची दिवेलागण होती. मेंढरं नुकतीच वाघरीत आली होती. वाघर म्हणजे आमची सुताची जाळी. खुंट्या ठोकून तिचं रिंगण केलं की तेच मेंढरांचं घर. मी टेम्पोच्या कुशीला बसून बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी भुकटी फडक्यानं पुसत होतो. बायको मागं येऊन उभी राहिली. तिच्या हातात मोबाईल होता.

"अवं, एकच कांडी राहिलीया."

"मग?"

"मग काय? सकाळपातूर मरतोय ह्यो. ऐतवारी भावजींचा फोन यायचाय."

"ऐतवार लांब हाय अजून."

"लांब हाय म्हून तर म्हनते. गावातला डीपी जळालाय, तीन दिस लाईट न्हाई. कुठं लावू? धा मिनिटं टेम्पोला लावू द्या."

"बॅटरी आधीच बसलीया ठके. सकाळी तळ हलवायचाय. टेम्पो चालू झाला न्हाई तर बिऱ्हाड डोक्यावर नेणार हायस का?"

"धा मिनिटांनी काय हुतंय?"

"अकरा कोकरं मेली हुती," मी म्हणालो.

ठकूनं मोबाईल पदरात गुंडाळला. ह्या बोलण्यापुढं आमच्यात कुणी काही बोलत नसे. म्हणूनच मी ते बोलायचो.

आम्ही फलटणच्या बाजूचे धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन वरंध घाटानं खाली कोकणात उतरायचं, कापणी झालेल्या भाताच्या खाचरांत मेंढरं बसवायची आणि पाऊस तोंडावर आला की परत घाट चढायचा. एका शेतात दोन मुक्काम, दुसऱ्यात चार. शेताला खत मिळतं, आम्हाला भात. पूर्वी बिऱ्हाड घोड्यांवर असायचं. माझ्या धाकट्या भावाच्या, भिवाच्या हट्टानं आम्ही दोन घोडी विकली आणि जुना टेम्पो घेतला.

भिवा माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. तो पाळण्यात असतानाच आई गेली. पुढं माझं लग्न झालं आणि ठकूनंच त्याला वाढवलं. तो सातवीपर्यंत शिकला. आमच्या घरात अक्षर वाचणारा तो पहिला, आणि एकटाच. टेम्पो तोच चालवायचा, तोच दुरुस्त करायचा, आणि टेम्पोशी अशा गप्पा मारायचा की जणू त्याची नवरीच आहे.

ह्या पौषाच्या दोन वर्षं आधी फाल्गुनात भिवानं महाडच्या बाजारातून एक छोटा काळा-पांढरा टीव्ही आणला. बॅटरीवर चालणारा. टेम्पोच्या बॅटरीला दोन वायरी चिमट्यांनी लावायच्या की माळावर सिनेमा. त्या दिवशी सिनेमा संपला, मग बातम्या लागल्या, मग गाणी लागली. बाया हसत होत्या, गोदा तर टीव्हीला नाक लावून बसली होती. पहाटे गारा आल्या. मार्चात गारा. आदल्याच आठवड्यात व्यालेल्या मेंढ्या होत्या. कोकरं टेम्पोत भरून गावातल्या शाळेच्या पडवीत न्यायची म्हणून भिवानं किल्ली फिरवली, तर टेम्पो नुसता टक्‌ टक्‌ करत राहिला. चिखलात धक्का बसेना. अकरा कोकरं माझ्या पायाशी ताठ झाली.

मी सगळ्यांदेखत भिवाच्या थोबाडीत मारली. अठ्ठावीस वर्षांचा गडी होता तो. "टीव्ही गळ्यात बांधून हिंड आता," म्हणालो. दुपारी अकरा खड्डे त्यानंच खणले. संध्याकाळी त्यानं टेम्पोची किल्ली चुलीजवळ ठेवली आणि गेला.

त्यानंतर मी स्वतः टेम्पो शिकलो. टेम्पोत मोबाईल लावायचं जे भोक असतं, त्याचा फ्यूज काढून मी माझ्या तंबाखूच्या चंचीत टाकला. इंजिन चालू असल्याशिवाय कुणी काही लावायचं नाही, आणि मला विचारल्याशिवाय तर नाहीच. नियम चांगला होता. दोन वर्षांत एकदाही बॅटरी पार उतरली नाही. आता ती म्हातारी झाली होती एवढंच.

भिवाचा पत्ता नव्हता. कुणी सांगे तो पनवेलला इमारतीवर आहे, कुणी सांगे पुण्याला. मी दोनदा शोधून आलो. हे घरात कुणाला सांगितलं नाही. मेंढ्यांचं औषध आणायला जातो म्हणून गेलो आणि पनवेलात इमारती-इमारतींखाली उभा राहून वर बघत बसलो.

आणि त्या पौषाच्या सुरुवातीला ठकूचा फोन वाजला. भिवा मुकादमाच्या फोनवरून बोलत होता. गोदानं फोन हिसकावून घेतला.

"नाना! माझं लगीन ठरलंय. तू न्हाई आलास तर मी हळद लावून घ्यायची न्हाई. मग बसू दे नवरा तिकडं पिवळा होऊन."

पलीकडं तो हसला असावा. तिनं म्हाताऱ्या बॅटरीची आणि मोबाईल लावायच्या बंदीचीही तक्रार केली. मग त्यानं काहीतरी विचारलं. गोदा माझ्याकडं बघत म्हणाली, "आबा? आबा काय म्हनत न्हाईत. हितंच बसल्यात. देऊ?"

तिनं फोन माझ्यापुढं धरला.

"मला वाघर ताणायचीय," म्हणून मी उठलो.

पुढच्या-पुढच्या रविवारी येतो, असं त्यानं तिला सांगितलं. पिंपळकोंडचा फाटा आला की फोन करतो, कुठल्या शेतात आहात ते सांगा. फिरत्या माणसाचा पत्ता असतो कुठं? आमचा पत्ता म्हणजे ठकूचा फोन.

तर शुक्रवारी तो फोन एका कांडीवर होता, आणि रविवारची वाट बघत होता.

शनिवारी पहाटे माझा चुलतभाऊ लखमा उठला. तो आणि दोन गडी मेंढरं घेऊन पुढं निघायचे, पण आधी टेम्पोला धक्का मारायला थांबले होते. पिंपळकोंडच्या त्या शेतातून आम्हाला बारा किलोमीटर लांब, नदीपलीकडच्या कातळवाडीतल्या एका शेतकऱ्याच्या शेतात जायचं होतं. त्याला मी शनिवारचा शब्द दिला होता. दोन दिवस थांबलो असतो तरी तो काही म्हणाला नसता. पण शब्द दिला होता.

बिऱ्हाड भरून झालं. बघतो तर ठकू विझलेल्या चुलीपाशी बसलेली, हातात करवंदीची डहाळी.

आमच्यात फोन येण्याआधी एक रीत होती. तळ हलवताना मागं कुणी येणार असेल तर चुलीचे तीन दगड तसेच ठेवायचे आणि त्यांच्यावर हिरवी डहाळी आडवी ठेवायची. बुडखा ज्या दिशेला, त्या दिशेला आम्ही गेलो. शेजारी खडे ठेवायचे, जितके खडे तितके मुक्काम. पण ती नुसती दिशा नव्हती. डहाळी ठेवणं म्हणजे तुझी भाकरी धरली आहे, ये, असा निरोप. ज्याच्याशी बोलणं तुटलं त्याच्यासाठी कुणी डहाळी ठेवत नसे. माझ्या वडलांनी एका मेव्हण्यासाठी सात वर्षं ठेवली नव्हती, आणि तो बिचारा दर वर्षी चुली बघत फिरायचा. हातात मोबाईल आले आणि ही रीत गेली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"भावजींसाठनं."

"आता डहाळ्या ठेवायचं दिस हायत का? फोन हाय की."

"फोन मेलाय. पहाटंच मेला."

"मग टेम्पो चालू झाला की लावू वाटंत. बारा किलोमीटर इंजिन चालणार हाय. कातळवाडीपातूर भरंल निम्मा."

"नक्की लावाल?"

"लावतो म्हणलं की."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग डहाळी बाजूच्या काटक्यांत टाकली, पदर खोचला आणि टेम्पोकडं आली. तीन दगड तिथंच राहिले, उघडे.

लखमा, दोन गडी, ठकू आणि गोदा, पाच जणांनी धक्का मारला. मी आत बसून दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला. दोनदा टेम्पो उसळून बंद पडला.

"घोडी बरी हुती रं धुळा," लखमा धापा टाकत म्हणाला. "गवत खायाची, पन धक्का न्हाई मागायची."

"आन लाथ घालायची तुला, ती इसरलास व्हय?" ठकू म्हणाली.

"लाथ परवडली. हितं माझी कंबर गेली."

तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. मी ते बंद पडू नये म्हणून पाय दाबून धरला. लखमा मेंढरांमागं गेला. ठकू आणि गोदा पुढं माझ्या शेजारी बसल्या. मागं भांडी, वाघर, घोंगडी, दोन कुत्री आणि सहा कोवळी कोकरं.

डांबरी रस्ता लागला तशी ठकूनं पिशवीतून चार्जर काढला.

"फ्यूज?"

मी कमरेला हात लावला, खिसा चाचपला.

"चंची लखमाकडं गेली," मी म्हणालो. "पहाटं तंबाखू मागितली त्यानं, तशीच राहिली."

"आता?"

"आता काय? संध्याकाळी मेंढरं पोचली की घेऊ."

ठकू चार्जर हातात धरून बसली. गोदानं कपाळावर हात मारून घेतला. "आबा, तुमच्या त्या चंचीत काय काय ठेवता वो? येक दिस टेम्पो पन ठेवा तिच्यात, म्हंजे धक्काच नको."

मी हसलो. तीही हसली. बारा किलोमीटर इंजिन चाललं, बॅटरी भरत राहिली.

कातळवाडीचं शेत गावापासून लांब, नदीच्या अल्याड होतं. गावात जायचं तर नदी उतरून तासभर चालायचं. शेतात एक विहीर आणि एक आंब्याचं झाड, बाकी काही नाही. आम्ही सामान उतरवलं, तीन नवे दगड मांडले, ठकूनं भाकरी टाकल्या. दुपारी जेवण झालं आणि मी आंब्याखाली टेकलो. सवयीनं हात कमरेच्या आतल्या बाजूला गेला, चंची काढली, चुना काढला, तंबाखू मळायला लागलो.

भांडी घासणारा ठकूचा हात थांबला.

तिनं चंचीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"आली व्हय चंची," ती म्हणाली. "मेंढरं यायच्या आधीच आली."

मी तळहातावरची तंबाखू मळत राहिलो. तिनं राखेचा हात धुतला, फोन आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"लावा आता तरी."

"आता इंजिन बंद हाय," मी म्हणालो. "बंद इंजिनावर लावला आन बॅटरी बसली, तर धक्का कोन मारंल? आपण तिघंच हाय. हितं चढ हाय बघ."

ते खरं होतं. बॅटरीबद्दल मी त्या दोन दिवसांत जे जे बोललो, ते सगळं खरं होतं. कुणाही टेम्पोवाल्याला विचारा, तो तेच सांगेल.

ठकूनं फोन उचलला. परत मागितला नाही.

रविवारी दोन मेंढ्या व्यायला लागल्या. एकीचं कोकरू आडवं आलं होतं. दिवसभर कुणाला तळ सोडता आला नाही. गोदा मधून मधून काळा पडलेला फोन हातात घेऊन बटणं दाबून बघायची आणि ठेवून द्यायची. संध्याकाळी तिनं विचारलं, "आबा, नाना आला आसंल का वो फाट्याव?"

"आला तर हुडकंल. धनगराचाच हाय त्यो."

"तुमी लई सोपं बोलता."

सोमवारी लखमा नदी उतरून गावात गेला आणि फोन चार्ज करून आणला. फोन चालू झाला. तो दिवसभर वाजला नाही. ठकूनं मुकादमाच्या नंबरवर लावायला लखमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, भिवा रविवारी सकाळीच सुट्टी घेऊन गेला, भावाकडं जातो म्हणाला, परत आलेला नाही.

गोदा रडली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "जावा," म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जावा."

मंगळवारी सकाळी लखमा आणि गड्यांनी चढावर धक्का मारून टेम्पो चालू करून दिला. मी पिंपळकोंडला गेलो.

वाटेत मी काय विचार करत होतो ते आज लिहितो, कारण तेव्हा ते कुणाला सांगितलं नाही. मला भिवा यायला हवा होता. त्याच्या जेवणाचं ताट सुद्धा मी मनात वाढून ठेवलं होतं. पण दोन वर्षं मी त्याला हुडकलं होतं, इमारतींखाली मान मोडेपर्यंत उभा राहिलो होतो. वाटलं, त्यानंही जरा हुडकावं. एक दिवस. जास्त नाही, एकच दिवस त्यानं ह्या शेतातून त्या शेतात विचारत फिरावं, दादा कुठं गेला, दादा कुठं गेला. मग मी दिसावा. एवढंच पाहिजे होतं मला.

फाट्यावर पवारबुवांचं चहाचं हॉटेल होतं, पत्र्याचं. मी इंजिन बंद केलं नाही, तसाच उतरलो. बुवांनी मला बघितलं आणि हातातली किटली खाली ठेवली.

"मामा, आहात कुठे तुम्ही? भाऊ येऊन गेला ना तुमचा."

"कवा?"

"रविवारी दुपारच्या एष्टीने. उतरला तो खांद्यावर पोतं, नि पोतं असं सरळ धरलेलं की जसं आत तान्हं पोर आहे. खाली ठेवताना केवढा जपला. म्हटलं, आहे तरी काय? तर म्हणतो, औषध आहे, दादाच्या टेम्पोचं."

बुवा आत गेले. बाकड्याखालून त्यांनी पोत्यात शिवलेलं काहीतरी ओढत बाहेर आणलं. कोपऱ्याला पोतं फाटलं होतं. आतून काळं, कोरं, चकचकीत अंग दिसत होतं.

नवी बॅटरी.

"पनवेलपासून मांडीवर घेऊन आला," बुवा म्हणाले. "कलती केली तर आतलं पाणी सांडतं म्हणाला. कंडक्टरनं तिचं पण तिकीट फाडलं."

"फोन केला न्हाई त्यानं?"

"केला नाही कसा? ह्या रुपयाच्या फोनच्या डब्यातून पाच वेळा लावला. दर वेळी ती बाई म्हणे, बंद आहे. मग मी त्याला तुमचं शेत दाखवलं. बॅटरी इथं ठेवून गेला तिकडे. तिथंच राहिला. सोमवारी सकाळी आला, चहा घेतला. तोंड असं झालं होतं. म्हटलं, अरे तीनशे मेंढरं गेलीत, लेंड्या बघत गेलास तरी सापडतील."

"मग?"

"तर म्हणाला, माग काढता येतो मला, बुवा. पण माग काढत लांडगा जातो, नाहीतर चोर जातो. डहाळी असती तर गेलो असतो. दादाने चूल ठेवली, डहाळी ठेवली नाही." बुवांनी माझ्याकडं बघितलं. "मला नाही कळलं ते. डहाळी म्हणजे काय हो?"

मी म्हणालो, "काय न्हाई. आमच्यातलं असतंय काहीतरी."

"जाताना म्हणाला, दादा आला तर बॅटरी द्या, नाही आला तर तुमच्या हॉटेलात दिवा लावा तिच्यावर. चहा पिताना चार लोकांना तरी दिसेल."

मी शेतात गेलो. चुलीचे तीन दगड जागेवर होते. भिवानं त्यांच्यात विस्तव केला होता. राख ताजी होती. एका दगडाशी बिडीची थोटकं, मोजली नाहीत मी. आणि दगडांवर करवंदीची एक डहाळी आडवी ठेवलेली होती. त्यानं ठेवलेली. पानं मलूल झाली होती. बुडखा घाटाकडं होता. शेजारी खडा एकही नव्हता.

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पण हे वाचता येत होतं. भिवा सांगत होता, मी घाटावर गेलो, किती मुक्कामांवर ते विचारू नको. आणि तरीही डहाळी ठेवली होती त्यानं. माझ्यासाठी.

बांधाखाली टेम्पो धडधडत होता. मी घाटाकडं बघितलं. घाटाच्या वर भोर होतं, पुणं होतं, सगळा मुलूख होता. तो गेल्याला एक दिवस होऊन गेला होता.

मी बॅटरी घेऊन कातळवाडीला परत आलो. ठकूनं विचारलं, "भेटलं?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनं पोत्याची शिवण उसवली, आणि बॅटरी बघून खालीच बसली. बॅटरीच्या एका बाजूला पांढऱ्या रंगानं काहीतरी लिहिलेलं होतं.

"काय लिवलंय हे?"

"दुकानदारानं लिवलं आसंल. तारीखबिरीख लिवत्यात."

"लखमाच्या त्या गड्याला येतंय वाचाय. त्याला इचारा."

"काय इचारायचंय त्यात?"

मी विचारलं नाही. खरं तर मला वाटलं, त्यात अकरा कोकरांचं काहीतरी असेल, किंवा त्या थोबाडीत मारल्याचं. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. बॅटरी मी स्वतः पेटीत बसवली. अक्षरांची बाजू आत, टेम्पोच्या अंगाकडं केली. किल्ली फिरवली आणि टेम्पो एका दमात चालू झाला. लखमानं टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांची तोंडं बघून थांबला.

मुकादमाला आम्ही पुष्कळ फोन केले. भिवा परत आला होता, पण आठ दिवसांनी काम सोडून नाशिककडं गेला. पुढचा पत्ता कुणाकडं नव्हता. वैशाखात गोदाला हळद लागली. तिनं लावून घेतली. मांडवात कुणीही आलं की ती मान वर करून बघायची.

त्या बॅटरीनं कधी दगा दिला नाही. थंडीत, पावसात, चिखलात, एका किल्लीत टेम्पो चालू. फ्यूज मात्र मी परत घातला नाही. घातला असता तर शनिवारी तो माझ्या कमरेला होता हे पुन्हा एकदा कबूल केल्यासारखं झालं असतं. ठकूनंही मागितला नाही. आम्ही गावोगावच्या दुकानांत फोन ठेवून चार्ज करत राहिलो. भिवा गेल्याचा फोन आला त्या दिवशी ठकूचा फोन चालू होता, आणि भरलेला होता.

त्याच्या पुढच्या वर्षी बॅटरी संपली. नवी घेताना दुकानदार जुनी मागतात. मी दिली नाही. फलटणला घरी परड्यात पत्र्याखाली ठेवली.

मग माझे गुडघे गेले, मेंढरं लखमाच्या पोरांकडं गेली आणि मी घरी बसलो. गोदाची लेक, तनुजा, माझ्याकडं राहून पहिलीत जायला लागली. ती पाटीवर गिरवायची, मी शेजारी बसून गिरवायचो. बावन्न वर्षांचा होतो. "आजोबा, तुमचा द उलटाय," म्हणून ती मला छडी मारायची. वर्षभरात अवघड जोडाक्षरं सोडून सगळं यायला लागलं.

एक दिवस ऊन चांगलं होतं. ती शाळेत गेली होती. मी परड्यात गेलो, पत्रा बाजूला केला, बॅटरी उन्हात ओढली आणि ओल्या फडक्यानं ती बाजू पुसली. रंग थोडा उडाला होता. अक्षरं मोठी होती, सातवी शिकलेल्या माणसाची, सरळ. मी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

"दादा, हिच्यावर मोबाईल लावला तरी चालतंय. दमदार हाय. भिवा. १०-१-१०."

बॅटरी बसवली की तिच्यावर तारीख टाकायची, ही टेम्पोवाल्यांची पद्धत आहे. त्यानं त्या रविवारची तारीख आधीच टाकून आणली होती. ती बॅटरी तो स्वतः बसवणार होता.

ठकू दारातून बघत होती. "काय लिवलंय?" तिनं विचारलं, आठ वर्षांनी. मी तिला वाचून दाखवलं. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. फ्यूज अजून माझ्या चंचीत आहे.

माझा धाकटा भाऊ भिवा नाशिकजवळ एका इमारतीच्या कामावर असताना काविळीनं आजारी पडला, आणि ९ ऑगस्ट २०१३ रोजी, श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी, तिथल्या पत्र्याच्या खोलीत वारला. आम्ही पोचलो तेव्हा त्याला अग्नी देऊन झाला होता.